गणूजींचा शनिवार

अकोल्यातलं एक चांगलं चाललेलं हॉटेल मी बंद पाडलं. मालकाशी माझं वैर नव्हतं, उलट त्याच्याइतका जिव्हाळा मला त्या गावात कोणी लावला नाही. मी फक्त एक भाषण केलं, आणि तेही त्याच्या स्तुतीचं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत हॉटेलाला कुलूप लागलं. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. बायकोला अर्धी सांगितली आहे. उरलेली अर्धी भाषणापेक्षा वाईट आहे आणि ती इथे सांगणार आहे. पण आधी गणूजी सांगायला हवेत. तो माणूस कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

गणूजी वानखडे यांचं हॉटेल स्टेशनाकडून कापूस बाजाराकडे जाताना उजव्या हाताला होतं. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, बसायला पट्ट्या. दारावर पाटी नव्हती. लोक त्याला ‘गिरीक हॉटेल’ म्हणत. कोणी नवखा आत डोकावून विचारी, “गिरीक कुठं हाय?” तेव्हा गणूजी गंभीर चेहऱ्यानं सांगत, “गिरीक गेला आपल्या देशाले. चव इथंच इसरून गेला.”

गणूजी उंच होते आणि उंचीची लाज वाटावी तसे थोडे वाकून चालत. डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याच्या हातांकडे बघत. “हात दाखवा.” शाळेत मास्तर बघतात तसे दोन्ही बाजूंनी हात बघायचे, आणि मग पाण्याच्या पिंपाकडे बोट करायचं. दलाल असो, हमाल असो, कचेरीतला साहेब असो, यातून कोणाची सुटका नसे. कारणही तसंच होतं. शनिवारी संध्याकाळी त्या हॉटेलात सगळे एकाच परातीत जेवत.

ही परात गिरीकाची देणगी. गणूजी मूळ अमरावतीकडचे. तिथे एका परदेशी कापूस कंपनीचा खरेदी-एजंट राहायचा, ग्रीस देशाचा. त्याच्या बंगल्यावर गणूजी तरुणपणी पाणी भरायला लागले आणि हळूहळू मडमेच्या हाताखाली स्वयंपाकघरात शिरले. साहेबाची जेवायची रीत अशी, की मधोमध मोठं भांडं आणि सगळ्यांचे हात त्यात. एका दुपारी साहेबानं गणूजींना म्हटलं, तूही बस. गणूजी जे पळाले ते थेट जिनिंग-प्रेसच्या आवारात, रुईच्या गाठींच्या मागे जाऊन लपले.

“मले वाटलं, काई चूक झाली म्हनून मस्करी करून राहिला,” गणूजी सांगायचे. “थोड्या वेळानं पाह्यतो तं साहेब भांडं घेऊन गाठीवर येऊन बसला. म्हने, तू येत नाही तं मी येतो. मंग दोघं जेवलो. घास गिळाले मले लय वेळ लागला, भाऊ.”

जेवण झालं की तो साहेब सतारीच्या धाकट्या भावासारखं दिसणारं एक वाद्य काढून वाजवी. त्यामुळे एका भांड्यात जेवणं आणि वाजवणं या दोन गोष्टी गणूजींच्या डोक्यात एकमेकींना चिकटल्या त्या कायमच्या. कंपनीनं खरेदी आवरली, साहेब-मडम बोटीनं निघून गेले, आणि गणूजींनी बायकोला घेऊन अकोला गाठलं. इथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं.

परातीत काय असे? वांग्यांच्या चकत्या आणि खिमा यांचे थर, वर दुधात शिजवलेल्या पिठाची जाड साय, आणि ते सगळं समोरच्या बेकरीच्या भट्टीत भाजून तांबूस केलेलं. कोबीच्या पानांत वळलेला आंबट भात. चक्क्यात किसलेली काकडी आणि ठेचलेला लसूण. शेळीच्या दुधाचं, मिठाच्या पाण्यात मुरवलेलं पनीर. वर कांदा, लिंबू आणि भट्टीतून आलेले गरम नान. मडमेच्या देशातलं तेल अकोल्यात मिळायचं कुठून? गणूजी शेंगदाण्याचं वापरत आणि म्हणत, “मडम पाह्यतीन तं रडतीन.” मटण न खाणाऱ्यांची परात वेगळी, तिची चूलही वेगळी, त्यात ते कधी गफलत करत नसत. पण एका परातीभोवती बसलेल्यांत मात्र वेगळेपणा चालत नसे. त्यांचं सांगणं एवढंच, “आपल्या बाजूनं खा, अन् नजर समोरच्याच्या बाजूवर ठेवा. त्याची बाजू रिकामी दिसली का आपल्यातलं सरकवा.”

परातीभोवती गाणं चाले. बँडातले हबीब मास्तर क्लॅरिनेट आणत. पोस्टातले शंकरबुवा भजनं म्हणत, पेटीही तेच वाजवत. गणूजींना सुराचं काही कळत नव्हतं. त्यांना गाण्याचा उपयोग घड्याळासारखा होई. वांग्याचं ताट भट्टीत गेलं की बुवांनी भजन सुरू करायचं. भजन संपलं की ताट बाहेर. एकदा बुवांना असा रंग चढला की भजन काही संपेना. गणूजी दारात उभे, कधी या पायावर, कधी त्या पायावर, समोरून बेकरीवाला हातवारे करून राहिलेला. पण त्यांनी बुवांना थांबवलं नाही. शेवटी ताट आलं ते कोळसा होऊन. गणूजींनी वरचा थर खरवडला आणि परात मांडली.

“खा. हे बुवाची तान हाय. कडू लागंन.”

“अहो गणूजी,” बुवा ओशाळून म्हणाले, “मले एक इशारा तरी कराचा!”

“वांगं उद्या बी भेटते बुवा. तुमचा असा गळा उद्या लागंन का?”

ते कडू वांगं आम्ही सगळ्यांनी संपवलं.

अकोल्यातले एक रुईचे दलाल होते, त्यांना सगळे नुसतं शेठजी म्हणत. ते पहिल्यांदा आले तेव्हा परात बघून मागेच सरले.

“गणूजी, आपल्याले अलग थाली लागते, हो.”

“भेटंन ना शेठजी. पन अलग थाली अलग खोलीत.”

शेठजींना वाटलं, खास व्यवस्था आहे. गणूजींनी त्यांना मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यांमध्ये नेऊन बसवलं, थाळी नीट वाढली आणि दार लोटून घेतलं. बाहेर हबीब मास्तरांनी नुकतं तोंडाला क्लॅरिनेट लावलं होतं. जरा वेळानं दार उघडलं आणि थाळी हातात घेऊन शेठजी बाहेर आले.

“अरे, तिकडे काई आयकू येत नाही!”

“कांद्यायले कान नसते शेठजी, म्हनून तर त्यायले तिकडे ठेवलं,” गणूजी म्हणाले.

सगळे हसले. शेठजीही हसले. हसता हसताच त्यांनी थाळी परातीत उपडी केली आणि मांडी घातली. पुढे ते एकही शनिवार चुकवत नसत आणि आपल्या जागेवर दुसरा बसला तर भांडत.

मी तेव्हा अकोल्यात एका सरकारी कचेरीत नवा कारकून होतो. घर धामणगावकडे, काळ्या जमिनीचं, खाऊनपिऊन सुखी. एका पावसाळ्यात मला हिवताप झाला. दोन शनिवार मी दिसलो नाही म्हणून गणूजी शोधत माझ्या खोलीवर आले आणि मला टांग्यात घालून मोर्णा नदीपलीकडे आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या गिरजाबाईंनी मला भाताची पेज पाजली. ताप उतरला आणि डोळे स्थिर झाले तेव्हा मी समोरची भिंत बघितली. तिथे बुद्धाची तसबीर होती, झेंडूची ताजी फुलं वाहिलेली. काही वर्षांपूर्वी हॉटेल बंद ठेवून गणूजी कुटुंबासकट नागपूरला गेले होते, तेव्हा बाजारात सगळे समजले होते की लग्नाला गेले; ते दीक्षेला गेले होते हे मला आता कळलं.

मी तसबिरीकडे बघतो आहे हे गिरजाबाईंच्या लक्षात आलं. “भाऊ, हे बाजारात बोलू नका,” त्या हळूच म्हणाल्या.

“काहून?” गणूजी आतून म्हणाले. “आपन चोरी केली का?” मग ते बाहेर येऊन माझ्या उशाशी बसले. “मी लपवत नाही, वसंतभाऊ. जो इचारन त्याले सांगीन. पन कोनी इचारत नाही. वानखडे म्हटलं का लोक आपल्या मनानं काय ते समजून घेते.”

ते खरंच होतं. हे आडनाव आमच्या वऱ्हाडात कुणब्यांत आहे, माळ्यांत आहे, बौद्धांतही आहे.

“लोकायले अजून काई वर्षं जेवू द्या,” ते पुढे म्हणाले. “चव अंगी लागली, मान्साले मान्साची सवय झाली, का मंग मीच सांगीन. एखाद्या शनिवारी, परात भरली असतानी. तवा कोनाचा हात थांबनार नाही. थांबते का नाही हेच मले पाह्यचं हाय, भाऊ. जलमात दुसरं काई पाह्यचं नाही.”

हे बोलताना त्यांचा चेहरा मी नीट पाहिला होता. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून आमच्या कचेरीत एक साहेब तपासणीला आले. सुधारकी विचारांचे होते, जातिभेदावर छान बोलत. त्यांच्यावर छाप पाडावी असं मला फार वाटलं. शनिवारी मी त्यांना गिरीक हॉटेलात घेऊन गेलो. गणूजींनी त्यांचेही हात तपासले. साहेबांना गंमत वाटली. परातीभोवती शेठजी, शंकरबुवा, दोन शाळामास्तर, बाजारातले काही जण अशी सगळी मंडळी बसलेली, हबीब मास्तर वाजवत होते. साहेब मला म्हणाले, “वा! तुमच्या वऱ्हाडात हे असं सगळे एकत्र जेवतात?”

त्या ‘वा’नं मी हुरळलो. क्लॅरिनेटवरची एक चीज संपली आणि मी उठून उभा राहिलो. माझे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. “आज आपण इथे ब्राह्मण, कुणबी, मारवाडी, मुसलमान, सगळे एका परातीत जेवतो आहोत. आणि हे अन्न कोणाच्या हातचं आहे? आपल्या एका बौद्ध बांधवाच्या हातचं! गणूजींच्या हातचं!”

मला टाळ्यांची अपेक्षा होती.

शेठजींच्या बोटांत नानचा तुकडा होता, काकडीच्या चक्क्यात बुडवलेला. तो त्यांनी परत परातीत ठेवला. एका शाळामास्तरांना खोकला आला आणि खोकतच ते चपला शोधायला गेले. कोणी काही वाईट बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. सगळे नुसते उठत गेले.

गणूजी आतून आले. “गाणं काहून थांबलं?”

माझ्या तोंडावर अजून हसू होतं. “गणूजी, तुमच्याबद्दलच सांगत होतो मी यांना.”

त्यांनी परातीकडे बघितलं. तिच्याभोवतीच्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघितलं.

“सांगितलं?”

“हो.”

“बरं.”

गिऱ्हाइकं असताना गणूजी कधी बसत नसत. ते शेठजींच्या जागेवर बसले, शेठजींनी ठेवलेला तुकडा उचलला आणि खाल्ला. हबीब मास्तरांनी क्लॅरिनेट बाजूला ठेवलं आणि ते समोर येऊन बसले. दोघं जेवायला लागले. पुण्याचे साहेब म्हणाले, “फारच हृदयस्पर्शी,” आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. मी, भाषण करणारा, उभाच होतो. मला कोणी बस म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही. साहेबांना स्टेशनवर सोडायला निघून गेलो.

पुढच्या शनिवारी मी गेलो. परात मांडलेली होती. आलेले चार जण. शंकरबुवांचा निरोप होता की त्यांनी शनिवारचा उपास धरला आहे. शेठजींकडूनही तेच कळलं. शाळामास्तर रस्त्यात भेटले होते, त्यांनाही मारुतीचा शनिवार होता. आमच्याकडे शनिवार धरणारे पुष्कळ असतात, त्यामुळे तोंडावर कोणाला खोटं म्हणता येत नव्हतं.

“अख्ख्या अकोल्याले उपास लागला, वसंतभाऊ,” गणूजी म्हणाले. “मारुतीले बी आश्चर्य वाटून राह्यलं असंन, हे एवढे भक्त आले कुठून.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

इथून पुढची गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. भाषण ही मूर्खपणाची चूक होती असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला सांभाळलं. पण त्याच आठवड्यात बाबा गावाहून आले. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. ते रागावले नाहीत. माझ्या खोलीत बसून पान लावता लावता म्हणाले, “वसंता, सुमीचं पाह्यनं चालू हाय. पावने अकोल्याचेच हायेत. तू कुठं बसतं, कुठं जेवतं, हे ते इचारून राहिले. समजलं?”

“समजलं,” मी म्हणालो. सुमी माझी बहीण.

शनिवारी सकाळी भाजी बाजारात गणूजी दिसले. वांगी निवडत होते, नेहमीच्या मानानं थोडीच. मी बाजूनं निघून जाणार होतो, पण त्यांनी बघितलं.

“संध्याकाळी येता ना? हबीब मास्तर येऊन राहिले.”

“नाही गणूजी,” मी म्हणालो. “मी शनिवार धरलाय.”

“कवापासून?”

“आजपासूनच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मी तो आतापर्यंत विसरलो असतो. ते म्हणाले, “बरं. भगर खा संध्याकाळी. उपासाले हलकी असते.” आणि वांगी तोलायला दिली.

त्या संध्याकाळी मी स्टेशनासमोरच्या खानावळीत पोटभर मटण-भाकर खाल्ली. खोलीकडे परत येताना लांबून क्लॅरिनेट ऐकू येत होतं. ऐकणारं कोणी होतं की नाही, कोणास ठाऊक. मी रस्ता बदलला. काही आठवड्यांनी हॉटेलाला कुलूप दिसलं आणि गणूजी अमरावतीला परत गेल्याचं कळलं. त्या हंगामात सुमीचं लग्न चांगलं झालं.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली अमरावतीला झाली. मी त्यांना शोधलं असं म्हणणं खोटं होईल. मी शोधायचं टाळत होतो. एका ओळखीच्या मुलाला भेटायला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात गेलो, तर स्वयंपाकघरात गणूजी कणीक मळत होते. पाठ आणखी वाकली होती, फडकं तसंच घट्ट. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“वसंतभाऊ. बसा.” बसायला तिथे काही नव्हतं. “बहिनीचं लग्न झालं?”

म्हणजे मी शनिवार का धरला ते त्यांना तेव्हाच माहीत होतं. मी म्हटलं, “झालं. दोन मुलं आहेत.”

“चांगलं झालं.”

गिरजाबाई गेल्या होत्या. हबीब मास्तरांनी क्लॅरिनेट विकून टाकलं आणि पुढे तेही गेले. मी विचारलं, ती वांगी अजून करता का?

“पोरायले वरन-भात लागते.”

“पुन्हा हॉटेल काढायचं मनात आलं नाही?”

ते कणकेवर मुठी दाबत राहिले. “तवा मले वाटे, होईन. लोक जेवत जेवत इसरून जातीन. आता नाही वाटत, भाऊ.” हे त्यांनी रडवेल्या सुरात म्हटलं नाही. आज पाऊस नाही असं म्हणावं तसं म्हटलं. “तुमी काई बोलाले आले का? बोला. हात थांबवता येत नाही, पोरं येतीन. पन मी आयकून राहिलो.”

मी उभ्या उभ्याच बोललो. वाक्यं वर्षानुवर्षं घोकलेली होती, त्यातलं एकही कामी आलं नाही.

“गणूजी, ते तुम्ही सांगायचं होतं, तुम्हाला वाटेल त्या शनिवारी. मी ते पुण्याच्या एका साहेबाची शाबासकी मिळावी म्हणून सांगून टाकलं. आणि मग तुम्ही परातीजवळ बसलात, तेव्हा मी बसलो नाही. भाजी बाजारात तुमच्याशी खोटं बोललो. मला उपास नव्हता. मी त्या संध्याकाळी दुसरीकडे जाऊन जेवलो. मला माफ करा.”